‘म्हणे’ गाळू नये : मुले, मोबाइल आणि आपली परंपरा

पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की, मुलांच्या हाती मोबाइल देऊच नये, त्याने पोरे बिघडतात. दुसरी बाजू म्हणते, जग पुढे चालले आहे, आपली मुले पुन्हा मागे राहता कामा नयेत. दोन्हींमागे खरी कळकळ आहे हे आम्ही जाणतो. परंतु वसतिगृहातील मुलांबरोबर इतकी वर्षे काढल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, हा प्रश्न यंत्राहून अधिक शब्दाचा आहे. कोणाचा शब्द खरा मानावा, कोणता शब्द पुढे पाठवावा, आपल्या शब्दाखाली आपले नाव घालण्याची तयारी आहे की नाही, हे प्रश्न मोबाइल येण्याच्या फार पूर्वीपासून आहेत आणि आपल्या समाजाने त्यांची किंमत अंगावर सोसली आहे. म्हणून ‘डिजिटल नागरिकत्व’ हा विषय आम्ही संगणकाच्या तासाला न शिकवता इतिहासाच्या तासाला सुरू करतो. त्याचा पहिला पाठ महाडचा असतो.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर काय घडले हे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्यानंतरच्या काही तासांत काय घडले, हे मात्र पुष्कळांना नीट सांगता येत नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेले लोक तळ्यावरून मंडपाकडे परतले होते. कोणी जेवत होते, कोणी गावाकडे निघण्याच्या तयारीत होते. एवढ्यात महाड गावात कंडी पिकली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. परिषदेचा तसा कोणताही बेत नव्हता. तरीही लाठ्याकाठ्या घेऊन जमाव धावून आला आणि मंडपात, रस्त्यात, जेथे सापडतील तेथे परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका शब्दावर उलट वार करण्यास माणसे सज्ज होती. त्यांनी तो शब्द दिला नाही. कायद्याची वाट धरली आणि हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षाही झाल्या.

येथे आम्ही मुलांना एक साधा प्रश्न घालतो : ती कंडी प्रथम कोणी पिकवली? मुले पुस्तक पुन्हा पुन्हा चाळतात. नाव सापडत नाही. मग आम्ही फळ्यावर दुसरी तारीख लिहितो : ३ एप्रिल १९२७. महाडच्या घटनेनंतर बरोबर चौदा दिवसांनी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. पत्र काढण्यामागे महाडखेरीज इतरही प्रयोजने होती हे खरे. पण महाडविषयी झालेल्या आरोपांना बाबासाहेबांनी त्याच पत्रातून तपशीलवार उत्तरे दिली. अंकावर तारीख आहे, संपादकाचे नाव आहे, छापल्याचे ठिकाण आहे. ज्याला ते पटणार नाही त्याने कोणाशी वाद घालायचा हे त्याला ठाऊक आहे. निनावी शब्द आणि नाव असलेला शब्द यांतील हा फरक आठवीच्या मुलाला एका तासात समजतो. पुढचे सारे त्यावर उभे करता येते.

दुसरा पाठ जवळच्या काळातला आहे आणि तो शिकवताना आम्हालाही जड जाते. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच माणसांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते. भिक्षा मागत गावोगाव हिंडणे हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उदरनिर्वाह. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. त्याच वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकिकत आम्ही वर्गात सांगतो. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ चित्रफीत कराचीतील एका बालसुरक्षा मोहिमेची होती. तिच्या अखेरीस ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवण्याविषयीचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली गोष्ट माणसे मारण्याच्या कामी आली.

अफवेला कर्ता नसतो, पण तिला उतार मात्र बरोबर कळतो. ती वाटसरूकडे, भटक्याकडे, ज्याचे गावात घर नाही आणि ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही त्याच्याकडे वाहत जाते. १९२७ साली महाडात ती आपल्याकडे वाहत आली होती. राईनपाड्याला ती आपल्याहूनही दुबळ्यांकडे गेली. ज्या समाजाने अफवेच्या लाठ्या खाल्ल्या, त्याच्या मुलाने असा संदेश पुढे पाठवावा यासारखी दुसरी विसंगती नाही. त्याच रात्री मालेगावात अशाच अफवेवरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला, त्यात दोन वर्षांचे मूल होते, एका स्थानिक रहिवाशाने आपल्या घरात आसरा दिला आणि ते वाचले. हा तपशील मुले विसरत नाहीत. राईनपाड्याविषयी ऐकून खाली गेलेल्या माना येथे वर येतात.

आता धम्माकडे वळू. कालाम लोकांनी तथागतांना विचारलेला प्रश्न आजच्या मुलाच्या तोंडी शोभेल असा आहे. आमच्या गावी अनेक जण येतात, जो तो आपलेच मत खरे आणि इतरांचे खोटे म्हणतो. आम्ही कोणाचे मानावे? अंगुत्तर निकायातील या सुत्तात तथागत दहा आधार सांगतात, ज्यांच्यावर विसंबून कोणतीही गोष्ट खरी मानू नये. त्यांत एक शब्द येतो, ‘इतिकिरा’. त्यातला ‘किर’ म्हणजे संस्कृतातला ‘किल’ आणि आपल्या मराठीत त्याला अगदी नेमका प्रतिशब्द आहे : ‘म्हणे’. ‘त्यांच्या विहिरीला पाणी लागले’ आणि ‘त्यांच्या विहिरीला पाणी लागले म्हणे’ या दोन वाक्यांतला फरक आपल्या आजीला व्याकरण न शिकता कळत होता. पहिल्यात बोलणाऱ्याने स्वतः पाहिले आहे. दुसऱ्यात तो ऐकीव गोष्ट सांगत आहे आणि तसे कबूल करतो आहे. सांगोवांगी गोष्ट सांगणे हे काही पाप नव्हे. ती सांगताना ‘म्हणे’ गाळणे, हा खरा दोष आहे. मोबाइलवरचा संदेश नेमके हेच करतो. शंभर हातांतून आलेली गोष्ट तो डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगतो.

म्हणून आमच्या वर्गात एक रिवाज आहे. कोणताही संदेश मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावायचे. ‘उद्यापासून शिष्यवृत्ती बंद होणार आहे म्हणे.’ ‘या पाल्याचा रस प्यायल्याने साखरेचा आजार मुळासकट जातो म्हणे.’ वर्ग हसतो, आणि हसता हसता कोणीतरी विचारतोच, कोण म्हणते? तेथून इतिहासाची पद्धत सुरू होते. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, केव्हा सांगितले, कोणासाठी सांगितले, त्यात त्याचा लाभ काय. ताम्रपट असो की व्हॉट्सॲपचा संदेश, साधनाला विचारायचे प्रश्न हेच. २०१८ च्या त्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. पुढे, पुष्कळदा फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण येऊ लागली. ते दोन बाण म्हणजे यंत्राने लावलेले ‘म्हणे’ होय, असे आम्ही मुलांना सांगतो.

एक गोष्ट येथेच सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याच घरातली आहे. कालाम सुत्ताचा एक ‘सारांश’ सुंदर चित्रावर छापून सर्वत्र फिरतो. त्यात बुद्धांच्या तोंडी असे घातलेले असते की, तुमच्या बुद्धीला पटेल तेवढेच माना. मूळ सुत्त उघडून पाहिले तर केवळ तर्कावर विसंबणे हेही त्या दहा आधारांच्या यादीतच आहे. ही गोष्ट अकुशल आहे, जाणत्यांनी निंदलेली आहे, आचरल्यास अहित होईल, असे स्वतः जाणाल तेव्हा ती सोडा, असे तथागत सांगतात. म्हणजे कसोटी ‘मला पटते का’ एवढीच नसून ‘यातून काय घडते’ ही आहे. ऐकीव गोष्टींपासून सावध करणारे सुत्तच ऐकीव रूपात फिरावे, याला काय म्हणावे!

बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांचे तेच. वाघिणीच्या दुधाचे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, भिंतीवर रंगवलेले पाहिले आहे. ते कोणत्या भाषणातले, कोणत्या तारखेचे, असे विचारले की वर्ग शांत होतो. नागपूरच्या १९४२ च्या परिषदेतील इंग्रजी भाषणात त्यांनी दिलेल्या तीन आदेशांचा क्रम आज आपल्या फलकांवर असतो त्याहून वेगळा आहे, हे मूळ खंड उघडून दाखवले की मुले चकित होतात आणि मग त्या क्रमामागचा विचार काय असावा यावर अर्धा तास भांडतात. ते भांडण आम्हाला फार मोलाचे वाटते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले लेखन आणि भाषणांचे खंड आपल्या ग्रंथालयात आहेत, आणि आता ते मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतात. ज्या मोबाइलवर खोटे वाक्य येते त्याच मोबाइलवर मूळ ग्रंथही आहे. बाबासाहेबांवर प्रेम आहे म्हणून त्यांच्या नावे काहीही खपवून घेणे, ही त्यांची सेवा नव्हे. आता तर यंत्राच्या साह्याने त्यांच्या चेहऱ्याला व आवाजाला नवे शब्द बोलायला लावणे शक्य झाले आहे. उद्या असा ‘आदेश’ एखाद्या तणावाच्या दिवशी फिरला, तर तारीख आणि पृष्ठ विचारण्याची सवय असलेला विद्यार्थीच वस्तीला सावरू शकेल.

पालकांना एका गोष्टीची जाणीव करून द्यायची आहे. आपल्या कित्येक घरांत संदेश वाचून दाखवणारा माणूस म्हणजे सुट्टीत घरी आलेले आपले मूलच असते. आई मजुरीचे पैसे खात्यात आले का ते त्याच्याकडून पाहून घेते, आजोबांचा पिन त्यालाच ठाऊक असतो. शहरातील सुखवस्तू घरात आईबाप मुलाच्या मोबाइलवर लक्ष ठेवतात; आपल्या घरात तेरा वर्षांचे मूल सगळ्या घराच्या मोबाइलचे राखणदार असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही जो तास घेतो तो मुलांमार्फत घरांसाठी असतो. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे मिळण्यासाठी तो कधीही घालावा लागत नाही. बँक ओटीपी विचारत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. एखाद्या संदेशातील दुव्यावर आधार क्रमांक आणि खाते क्रमांक भरून लॅपटॉप मिळत नाही. मोफत लॅपटॉपचे असे संदेश खोटे असल्याचे केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केले आहे, तरी दर वर्षी ते नव्या नावाने येतात. त्यांत आपल्या महापुरुषांची नावे घातलेली असतात, कारण त्या नावांवर आपला विश्वास आहे हे फसवणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थोपवण्याची शक्यता अधिक.

वयाचीही एक गोष्ट. इन्स्टाग्रामवर खाते उघडण्यास किमान तेरा वर्षे वय लागते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची खाती कशी असतात? जन्माचे साल खोटे घालून. आणि पुष्कळदा ते साल घालून देणारा मोठा भाऊ किंवा स्वतः पालक असतो. रोज सकाळी वंदनेत मुसावादापासून विरत राहण्याचे शील घेणाऱ्या मुलाचा त्या जगातला पहिलाच शब्द असत्य ठरतो, तोही मोठ्यांच्या संमतीने. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि तिची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. पण खोट्या सालाने उघडलेल्या खात्यात मूल हे प्रौढच धरले जाते आणि कायद्याचे छत्र त्याच्यावर धरताच येत नाही.

वाणीच्या अकुशल कर्मांत असत्याखेरीज आणखी तीन येतात : चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड. शेवटच्याला पालीत ‘सम्फप्पलाप’ म्हणतात. रील पाहत बसलेल्या मुलाकडे पाहून तो शब्द आठवतो. पुस्तकाचे पान संपते, धडा संपतो. रीलला शेवट नाही, कारण तो ठेवलेलाच नाही. मुलाला आळशी म्हणून रागावण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

कठोर वचन मात्र दोन मिनिटांत आटोपण्यासारखे नाही. आपली मुले समाजमाध्यमांवर पाऊल टाकतात ती आडनाव घेऊन. एखाद्या चित्रफितीखाली आरक्षणावरून, जातीवरून जे लिहिलेले असते ते वाचून नववीतला मुलगा दोन दिवस जेवत नाही, असे आम्ही पाहिले आहे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत, बाबासाहेबांच्या गीताची रिंगटोन वाजल्यावरून उद्‌भवलेल्या भांडणात एका तरुणाचा खून झाला. तेव्हा कित्येक घरांत मुलांना रिंगटोन बदलायला सांगितले गेले. त्या आयाबापांना आम्ही दोष देणार नाही. पण भीती हे शिक्षण म्हणून पुरे पडत नाही. मुलांना आम्ही सांगतो ते असे : शिवीला शिवी लिहू नका, त्याने पुरावा तुमच्याविरुद्ध तयार होतो. मजकूर, खात्याचे नाव, तारीख आणि दुवा दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, खोडू नका, मोठ्यांना दाखवा. सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे आणि समाजमाध्यमांवरील मजकुराला तो लावल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे आली आहेत. महाडला उलट वार न करता न्यायालयाची वाट धरली गेली होती. ती दुर्बळाची वाट नव्हती.

मुलींच्या छायाचित्रांविषयी स्पष्टच लिहितो. कोणी छायाचित्र पळवून वा बनवून धमकी देत असेल, तर दोष धमकी देणाऱ्याचा, मुलीचा नव्हे. हे वाक्य शाळेने हजारदा सांगितले तरी घरात एकदा उलट बोलले गेले की पुसले जाते. ‘तू मोबाइल घेतलासच कशाला’ हा प्रश्न ज्या घरात प्रथम विचारला जातो, त्या घरातली मुलगी पुन्हा काही सांगत नाही, आणि धमकी देणाऱ्याला तेच हवे असते. १०९८ हा बालकांसाठीचा साह्य क्रमांक चोवीस तास चालतो. मुलांनाही आम्ही बजावतो की, अल्पवयीनांचे अश्लील चित्रण पाठवणेच नव्हे, तर शोधणे आणि उतरवून घेणे हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे गुन्हा आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव नाही.

इतक्या सावधगिरीच्या गोष्टी ऐकून मुले गप्प बसली तर आम्हाला ते नको आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या नावातच आपला इतिहास आहे. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले तेव्हा ते पत्र उभे राहिले. आज विनामूल्य, कोणाच्या परवानगीवाचून, जगाला ऐकू जाईल असे बोलण्याचे साधन आपल्या मुलाच्या हाती आहे, आणि ते आम्ही हिसकावून घेणार नाही. म्हणून मोबाइलच्या आधी आम्ही त्यांना भित्तिपत्रक देतो. दर पंधरवड्याला निघणाऱ्या त्या कागदाचे नियम तीनच आहेत. लेखाखाली पूर्ण नाव हवे. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकले ते लिहावे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला उत्तराची जागा पुढच्या अंकात राखून ठेवावी. भोजनगृहातील भाजीविषयी एका अंकात आलेली तक्रार आणि पुढच्या अंकात स्वयंपाकघरातील मावशींनी सांगून लिहवून घेतलेले उत्तर आम्ही जपून ठेवले आहे. उत्तर अधिक सरस होते.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी कमळांसह ‘नमो बुद्धाय, जय भीम’ येते, त्याला आमची मुळीच हरकत नाही. दहावीच्या मुलांची मात्र एक विनंती आहे, ती त्यांच्या वतीने येथे पोहोचवतो. गटावर सुविचार टाकताना खंड आणि पृष्ठ द्यावे. ते ठाऊक नसेल तर शेवटी ‘म्हणे’ असे लिहावे.

आमचीही एक विनंती आहे. आपल्या शाळेची जुनी छायाचित्रे अनेकांच्या घरी पेटीत, अल्बममध्ये पडून आहेत. ती ग्रंथालयाकडे पाठवावीत. पाठवताना मागच्या बाजूस पेन्सिलने साल, ठिकाण, प्रसंग, डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे आणि छायाचित्र कोणी काढले ते लिहावे. एखादे नाव निश्चित आठवत नसेल, तर त्यापुढे ‘बहुधा’ लिहून पाठवले तरी चालेल.